परक्या राज्यघटनेचा अभ्यास : सहा देशांचा तक्ता नको, एक देश मुळापासून हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्पर्धा परीक्षेच्या कोणत्याही गाईडमध्ये एक तक्ता हमखास असतो. संसदीय पद्धत ब्रिटनकडून, मूलभूत हक्क अमेरिकेकडून, मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडकडून आणि आणीबाणीत मूलभूत हक्कांना मिळणारी स्थगिती जर्मनीकडून. एका गुणाच्या प्रश्नापुरता हा तक्ता चालून जातो. पण एलएल.एम.च्या (कायद्याच्या पदव्युत्तर) वर्गातही अनेक ठिकाणी हाच तक्ता थोडा ताणून शिकवला जातो, आणि हे पत्र लिहिण्याचे कारण तेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक वर्षाच्या एलएल.एम.ला तुलनात्मक सार्वजनिक कायद्याचा पेपर सक्तीचा आहे. त्यात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, दक्षिण आफ्रिका असे सहा देश कोंबले जातात. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम आठवडा-दोन आठवडे येतात, आणि विद्यार्थी एकाही देशाचे एकही निकालपत्र शेवटपर्यंत न वाचता पास होतो.

तक्त्यातला जर्मनीचा रकानाच पाहा. ज्या जर्मनीकडून आपण स्थगितीची तरतूद घेतली असे म्हणतात, ती १९१९च्या वायमार घटनेची जर्मनी. तिच्या ४८व्या अनुच्छेदाने राष्ट्राध्यक्षाला सात नेमके हक्क तात्पुरते गुंडाळून ठेवण्याची मुभा दिली होती. आज जर्मनीत लागू असलेली घटना, म्हणजे १९४९चा ‘मूलभूत कायदा’, हा याच अनुभवाने पोळलेल्या लोकांनी लिहिलेला मजकूर आहे. बॉनमध्ये संसदीय परिषद १ सप्टेंबर १९४८ रोजी बसली आणि ८ मे १९४९ रोजी तिने मसुदा मंजूर केला. आपल्या संविधान सभेत मसुद्याची कलमवार चर्चा नोव्हेंबर १९४८ ते ऑक्टोबर १९४९ या काळात चालू होती. दोन्ही घटना एकाच वेळी घडत होत्या. तक्ता पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन जर्मनींमधला फरक कळत नाही, आणि तो कळला नाही तर पुढचे काहीच कळत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की एका सत्रात एकच परका देश घ्यावा, आणि त्याची घटना, त्याचे न्यायालय, त्याची कार्यपद्धती आणि निदान चार निकालपत्रे नीट वाचून घ्यावीत. तो देश जर्मनी असावा, असे मला वाटते. अमेरिकेचे इंग्रजी सोयीचे आहे, पण अमेरिकी न्यायालयाच्या कडक छाननीच्या (काही कायद्यांची जास्त कठोर तपासणी करण्याच्या) पायऱ्या आपल्याकडे तशाच लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने अशोक कुमार ठाकूर खटल्यात २००८ साली सांगितले आहे. उलट घटनेची मूलभूत चौकट (घटनादुरुस्तीनेही मोडता न येणारी मूळ तत्त्वे) आणि प्रमाणबद्धतेची कसोटी (हक्कावरचा निर्बंध हेतूच्या मानाने अवाजवी नाही ना, याची तपासणी) या आपल्या घटनात्मक कायद्याच्या आजच्या दोन खांबांचा माग काढत गेले की वाट जर्मनीपर्यंत पोचते.

सुरुवात मजकुरापासून करावी. मूलभूत कायद्याचे इंग्रजी भाषांतर जर्मन कायदेमंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. मात्र ते कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या धरून आहे, हे पहिल्या पानावर पाहून मगच वाचायला घ्यावे. डिसेंबर २०२४ मध्ये घटनादुरुस्ती होऊन घटना न्यायालयाची रचना थेट घटनेत आली : १६ न्यायाधीश, दोन पीठे, १२ वर्षांची मुदत, ६८ व्या वर्षी निवृत्ती, फेरनिवड नाही. या जुळवाजुळवीत न्यायालयाच्या अधिकारांची यादी ९३व्या अनुच्छेदातून ९४व्यात गेली. त्याआधीचे प्रत्येक पाठ्यपुस्तक, प्रत्येक लेख आणि आपल्या ग्रंथालयांतली सगळी पुस्तके ९३ म्हणतात. लघुप्रबंधात जुना क्रमांक आजचा म्हणून दिला, तर लेखकाने मूळ मजकूर उघडून पाहिलेला नाही हे परीक्षकाला तिथेच कळते.

पहिल्या वाचनात १४६ अनुच्छेद सलग वाचू नयेत. १, २, ३, ५, १२, १४, १९ आणि २० आधी वाचावेत, मग ७९, मग ६३, ६७ आणि ६८ एकत्र, शेवटी ९३, ९४ आणि १००. यांतल्या ७९(३) वर थोडे थांबायला हवे, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त चुका तिथे होतात. हे कलम म्हणते की अनुच्छेद १ ‘आणि’ २० मध्ये घालून दिलेल्या तत्त्वांना धक्का लावणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. विद्यार्थी, आणि काही गाईडेही, ‘१ ते २०’ असे लिहितात. फरक साधासुधा नाही. १ ते २० म्हटले की सगळे मूलभूत हक्क अढळ ठरतात. १ आणि २० म्हटले की मानवी प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य, कायद्याचे राज्य, सामाजिक राज्य ही तत्त्वे अढळ राहतात, आणि मधल्या हक्कांना त्या तत्त्वांच्या मर्यादेत हात लावता येतो.

जर्मन संसदेने तसा हात लावलाही. १९६८ मध्ये टपाल आणि दूरध्वनीच्या गुप्ततेचा १०वा अनुच्छेद दुरुस्त झाला. काही प्रकरणांत ज्याच्यावर पाळत आहे त्याला न कळवण्याची आणि न्यायालयाऐवजी संसदेने नेमलेल्या मंडळाकडून तपासणी करण्याची वाट त्यातून उघडली. डिसेंबर १९७० मध्ये घटना न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. तीन न्यायाधीशांनी भिन्नमत दिले, आणि ते आजही वाचण्यासारखे आहे. २००४ मध्ये घरात छुप्या श्रवणयंत्रांनी पाळत ठेवण्याच्या प्रकरणातही न्यायालयाने घटनादुरुस्ती राखली, पण तिच्या आधारे केलेल्या कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. म्हणजे अढळ कलम लिहून ठेवणाऱ्या देशात न्यायालयाने त्याच्या जोरावर एकही घटनादुरुस्ती रद्द केलेली नाही. आणि ज्या देशाच्या घटनेत असे कलमच नाही, त्या आपल्या देशात न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी आयोग आणणारी ९९वी घटनादुरुस्ती १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने रद्द झाली. तुलनात्मक अभ्यासाचा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

या प्रश्नाला आपल्याकडचा इतिहासही आहे. हायडेलबर्ग विद्यापीठाचे डीटर कॉनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अधिकाराच्या गर्भित मर्यादांवर व्याख्यान दिले. वकील एम. के. नंबियार यांनी, संसदेला मूलभूत हक्क बदलता येतात का हे ठरवणाऱ्या गोलकनाथ खटल्यात, त्या विचाराचा आधार घेतला, आणि मूलभूत चौकटीचा सिद्धांत मांडणाऱ्या केशवानंद भारती निकालात न्या. खन्ना यांनी कॉनराड यांचा दाखला दिला. विद्यार्थ्याने कॉनराड यांचे विवेचन, ७९(३), १९७०चा निकाल आणि न्या. खन्नांचे निकालपत्र ही चार पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर ‘मूलभूत चौकट जर्मनीकडून घेतली’ हे वाक्य तो पुन्हा इतक्या सहज लिहिणार नाही.

आता न्यायालयाविषयी. कार्ल्सरूहमधले घटना न्यायालय हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे जर्मन रूप नव्हे. दिवाणी, फौजदारी, करविषयक, कामगारविषयक अपिले तिथे जात नाहीत. त्यांच्यासाठी पाच वेगळी सर्वोच्च संघीय न्यायालये आहेत. घटना न्यायालयाकडे फक्त घटनेचे प्रश्न जातात, आणि तेही ठरलेल्या दारांतूनच. केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा संसदेचे एक चतुर्थांश सदस्य प्रत्यक्ष खटला नसतानाही कायद्याची तपासणी मागू शकतात. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाला संसदेचा कायदा घटनाबाह्य वाटला, तर १००व्या अनुच्छेदानुसार त्याला खटला थांबवून प्रश्न कार्ल्सरूहला पाठवावा लागतो. तो कायदा तपासू शकतो, पण स्वतः बाजूला सारू शकत नाही. आपली उच्च न्यायालये आपल्या घटनेच्या २२६व्या अनुच्छेदाखाली कायदा रद्द करतात. ती सवय डोक्यात ठेवून विद्यार्थी ‘जर्मन उच्च न्यायालयाने कायदा रद्द केला’ असे लिहून मोकळा होतो.

तिसरे दार नागरिकाचे, म्हणजे घटनात्मक तक्रारीचे. मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ देणाऱ्या आपल्या ३२व्या अनुच्छेदाशी तिची बरोबरी घाईने केली जाते, तेव्हा अटी पाहायलाच हव्यात. आधी खालचे सगळे न्यायालयीन मार्ग संपवावे लागतात. न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध एका महिन्यात, कारणांसकट, तक्रार द्यावी लागते. थेट कायद्याविरुद्ध जायचे असेल तर तो अमलात आल्यापासून एक वर्ष. बाधा स्वतःला, आत्ता आणि थेट पोचलेली असावी लागते, म्हणून आपल्या अर्थाची जनहित याचिका तिथे बसत नाही. शुल्क नाही, तोंडी सुनावणी नसेल तर वकीलही लागत नाही, पण दाराचा गैरवापर केला तर २६०० युरोपर्यंत भुर्दंड बसू शकतो. वर्षाला साधारण पाच हजारांच्या आसपास तक्रारी येतात आणि यशस्वी होणाऱ्या शेकडा दोनच्या घरात किंवा त्याहूनही कमी असतात. बहुतेक तक्रारी तीन न्यायाधीशांच्या लहान पीठासमोर, एकमताने, आणि अनेकदा कारण न देता निकाली निघतात.

ही शेवटची गोष्ट संशोधन करणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावी. न्यायालयाच्या संकेतस्थळावर निवडक निकालांची इंग्रजी भाषांतरे आहेत आणि ती उत्तम आहेत. पण ती निवडक आहेत. नुसती तेवढीच वाचून ‘जर्मन न्यायालय नागरिकाच्या बाजूने खंबीरपणे उभे राहते’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे जिंकलेल्या खटल्यांवरून न्यायव्यवस्था मोजणे.

निकाल शोधण्यातही विद्यार्थी अडतात. पक्षकारांच्या नावाने शोधले तर हाती काही लागत नाही, कारण तिथे निकालपत्रात खाजगी पक्षकारांची नावे देत नाहीत. संदर्भ अधिकृत निकालसंग्रहाच्या खंड आणि पृष्ठाने देतात, आणि प्रकरण क्रमांक वाचता आला तर निम्मी माहिती तिथेच मिळते. उदाहरणार्थ ‘१ बीव्हीआर ५९६/५६’. पहिला आकडा पीठाचा, बीव्हीआर म्हणजे नागरिकाची तक्रार, पुढे १९५६ मधल्या प्रकरणाचा अनुक्रमांक. बीव्हीएलच्या जागी खालच्या न्यायालयाने पाठवलेला प्रश्न असतो, आणि बीव्हीएफच्या जागी सरकारने किंवा खासदारांनी मागितलेली तपासणी. निकालाच्या माथ्यावरची सारवाक्ये पीठाने स्वतः लिहिलेली असतात. आपल्याकडच्या लॉ रिपोर्टातली हेडनोट संपादकाची असते, त्यामुळे दोन्हींचे वजन सारखे धरू नये.

वर दिलेला क्रमांक ११ जून १९५८च्या औषधविक्री निकालाचा आहे, संग्रहाचा खंड ७, पृष्ठ ३७७. वर्गात एकच निकाल वाचायला वेळ असेल तर हाच वाचावा. बव्हेरियातल्या ट्राउनरॉइट गावात एका पात्रताधारक औषधनिर्मात्याला दुकान उघडायचे होते. राज्याच्या कायद्याप्रमाणे नव्या दुकानाची लोकांना गरज आहे आणि आधीच्या दुकानांचा धंदा त्यामुळे फार बसणार नाही, असे दिसले तरच परवाना मिळणार होता. तो नाकारला गेला. व्यवसाय निवडणे आणि व्यवसाय करणे यांत १२वा अनुच्छेद फरक करतो, आणि मजकुराप्रमाणे कायद्याने नियमन करण्याची मुभा फक्त करण्यापुरती आहे. न्यायालयाने दोन्ही मिळून एकच हक्क मानला, पण निर्बंधाच्या तीन पायऱ्या लावल्या. धंदा कसा करावा याचे नियम असतील तर सार्वजनिक हिताचे समंजस कारण पुरे. शिक्षण, परीक्षा यांसारखी माणसाच्या हातातली अट असेल तर समाजाच्या महत्त्वाच्या हितासाठी ती गरजेची असल्याचे दाखवावे लागते. माणसाच्या हाताबाहेरची अट असेल, उदाहरणार्थ ‘इथे दुकाने पुरेशी आहेत’, तर सर्वोच्च महत्त्वाच्या हिताला असलेला गंभीर धोका सिद्ध व्हावा लागतो, किंवा तो बहुतांशी संभवनीय तरी असावा लागतो. दुकाने वाढली तर औषधांचा दर्जा घसरेल, हा सरकारचा युक्तिवाद न्यायालयाने तसाच मान्य केला नाही. स्वित्झर्लंडमध्ये मोकळीक असताना काय घडले तेही तपासले, आणि अट रद्द केली.

हे वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांपुढे महाराष्ट्राचे डान्स बार प्रकरण ठेवावे. १७ जानेवारी २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१६च्या राज्य कायद्याखालच्या अनेक अटी तपासल्या. शैक्षणिक संस्था आणि प्रार्थनास्थळांपासून १ किलोमीटर अंतराची अट त्यांत होती आणि ती रद्द झाली, कारण मुंबईसारख्या शहरात ती पाळणे जवळपास अशक्य होते. आता प्रश्न असा की ही अट तीनपैकी कोणत्या पायरीवर बसते. दिसायला ती ‘कुठे करावा’ एवढा पहिल्या पायरीचा नियम आहे. परिणाम पाहिला तर धंद्यात शिरणेच बंद होते, आणि ते अर्जदाराच्या हातात नाही. वर्ग इथे दोन तट पडून वाद घालतो, आणि आपल्या घटनेतल्या, व्यवसायस्वातंत्र्यावर मर्यादा घालू देणाऱ्या १९(६) मधल्या ‘वाजवी निर्बंध’ या शब्दांखाली अशा पायऱ्या आखलेल्या नाहीत हेही तेव्हाच नीट जाणवते. सर्वोच्च न्यायालयाने मॉडर्न डेंटल कॉलेज निकालात २०१६ साली प्रमाणबद्धतेची चार भागांची कसोटी स्पष्टपणे स्वीकारली, पण तीन पायऱ्या स्वीकारल्या नाहीत. कशामुळे, हा लघुप्रबंधाचा चांगला विषय आहे.

उत्तर लिहिण्याची जर्मन पद्धतही इथे शिकवावी. तिथे पहिल्याच दोन सत्रांत विद्यार्थी काल्पनिक खटला ठरलेल्या क्रमाने सोडवायला शिकतो : आधी तक्रार दाखल होण्याजोगी आहे का, मग हक्काचे क्षेत्र कोणते, राज्यसंस्थेने त्यात हस्तक्षेप केला का, आणि केला तर समर्थन आहे का. समर्थनात हेतू वैध आहे का, उपाय त्या हेतूला उपयोगी आहे का, त्याहून सौम्य पण तितकाच परिणामकारक उपाय होता का, आणि शेवटी हक्काची हानी व मिळणारा लाभ यांचा तोल. आपले विद्यार्थी पहिल्या तीन गोष्टी सोडून थेट तोल साधायला धावतात. दुसरी नेहमीची चूक सौम्य उपायाच्या टप्प्यावर होते. ‘सौम्य उपाय आहे’ एवढे लिहून ते थांबतात आणि ‘तितकाच परिणामकारक’ ही अट विसरतात. तेवढ्याने अर्धे उत्तर फसते.

आणखी एक. ‘रद्द’ हा एकच शब्द सगळीकडे वापरू नये. जर्मन न्यायालय कधी कायदा शून्यवत ठरवते, तर कधी तो घटनेशी विसंगत असल्याचे सांगून मुदत देते. वारसा कराचा कायदा डिसेंबर २०१४ मध्ये विसंगत ठरला, पण नवी तरतूद करायला ३० जून २०१६ पर्यंत वेळ दिला आणि तोवर जुना कायदा चालू राहिला. स्थावर मालमत्ता कराच्या २०१८च्या निकालात तर जुन्या मूल्यांकनावर कर घ्यायला २०२४ अखेरपर्यंत मुभा होती.

विधायक अविश्वास ठरावाबद्दलही असेच अर्धवट लिहिले जाते. नवा चॅन्सलर (जर्मन सरकारचा प्रमुख) निवडल्याशिवाय जुन्याला काढता येत नाही, ही ६७व्या अनुच्छेदाची तरतूद आपल्याकडे आणावी असे विधी आयोगाने १७०व्या अहवालात सुचवले होते, आणि निबंधांत ती सूचना आवडीने येते. पण ६७ हा ६३ शिवाय वाचता येत नाही. तिथे चॅन्सलरला संसद निवडते, आपल्याकडे पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करतात. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट कोल संसदेतून या मार्गाने चॅन्सलरपदी आले. त्यानंतर हा ठराव तिथे पुन्हा यशस्वी झालेला नाही, आणि सरकारे पडण्याची वेळ आली तेव्हा ६८व्या अनुच्छेदाचा विश्वास ठराव वापरला गेला, अगदी डिसेंबर २०२४ मध्येही.

भाषेची अडचण खरी आहे, ती झटकून टाकू नये. पण पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षापासून जर्मन घेतले तर एलएल.एम.पर्यंत भाषांतर मुळाशी ताडून पाहण्याइतकी भाषा येते. ज्यांना जर्मनीतच शिकायचे आहे त्यांनी हे आधी समजून घ्यावे की परदेशी पदवीधरांसाठीच्या एक वर्षाच्या एलएल.एम.ने तिथे वकिली करता येत नाही. त्यासाठी दोन राज्य परीक्षा आणि त्यांच्या मधले दोन वर्षांचे प्रशिक्षण लागते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला १५०० युरो घेते. हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग आणि ट्यूबिंगन ही तिन्ही त्याच राज्यात आहेत.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांकडे माझ्या मागण्या मोजक्या आहेत. साठ तासांच्या पेपरात दहा तास मजकुराला, आठ न्यायालयाच्या कार्यपद्धतीला, चोवीस तास चार निकालांना आणि अठरा तास प्रश्न सोडवण्याला द्यावेत. पाच देशांच्या तौलनिक अभ्यासाचे लघुप्रबंध विषय मंजूर करू नयेत. भारत आणि एक देश, एक हक्क किंवा एक संस्था, एवढे पुरे. आणि परीक्षेत घटनेचा टिपा नसलेला मजकूर विद्यार्थ्याच्या हातात द्यावा. जर्मनीत कायद्याची संहिता समोर ठेवूनच पेपर लिहितात. मजकूर समोर असला की ‘१ ते २०’ लिहिणाऱ्याला सबब राहत नाही, आणि प्रश्न काढणाऱ्यालाही ‘जर्मन घटनेची वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्न विचारता येत नाही.

आपला,
घटनात्मक कायद्याचा एक अध्यापक, पुणे